किती, ते लिहिलंय. कसलं, ते गाळलंय

वाचकाचं पत्र :

‘मी घरून शिकवण्या घेते आणि धड्यांचे छोटे व्हिडिओ स्वतःच कापते-जोडते. जुना संगणक आता साथ देईना, म्हणून दोन डेस्कटॉप बघून ठेवले आहेत. वहीत दोन रकाने आखून सगळं उतरवलं. पहिला : कोअर आय७, ३.४ गिगाहर्ट्झ, ३२ जीबी रॅम, २ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. कार्यालयात वापरलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला. दुसरा : कोअर आय५, २.५ गिगाहर्ट्झ, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ग्राफिक्स “ऑनबोर्ड”. सुटे भाग जुळवून केलेला, नवा. दोन्ही माझ्या आवाक्यातले आहेत. प्रत्येक ओळीत मोठ्या आकड्याला एक गुण दिला, तर पहिला पाच-शून्य जिंकतो. मुलगा मात्र म्हणतो, दुसराच घे. का, ते त्याला नीट सांगता येत नाही. “आई, पहिला जुना आहे” एवढंच. जुना असला म्हणून काय झालं? आकडे तर मोठे आहेत! दोन्हींच्या स्टिकरचे फोटो सोबत पाठवते आहे.’
— रकाने आखून दमलेली एक वाचक

ताई,

मुलगा बरोबर आहे, पण तुमचा प्रश्नही रास्त आहे. जुनं असणं हा काही गुन्हा नव्हे. मग घोडं पेंड खातं कुठं? तुमच्या वहीतल्या त्या पाच ओळी पुन्हा वाचा. जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘किती’ आहे, ‘कसलं’ मात्र निसटलंय. बत्तीस जीबी रॅम. पण कोणत्या पिढीची, किती पट्ट्यांत? चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड. पण कोणतं कार्ड? निकालपत्रावर नुसतं ‘४५’ लिहावं आणि ते पन्नासपैकी की शंभरपैकी हे सांगूच नये, तसं हे झालं. असा निकाल तुम्ही कुठल्या पालकाच्या हातात ठेवला असता का?

पाटीवर ‘किती’ ठळक असतं, कारण तो आकडा फुगवणं सोपं असतं. ‘कसलं’ बारीक अक्षरांत जातं, नाहीतर जातच नाही. तुमच्या फोटोंत ती बारीक अक्षरं आली आहेत हे बरं झालं. पहिल्याचा प्रोसेसर आय७-६७००, दुसऱ्याचा आय५-१२४००. पहिल्यात रॅमच्या आठ-आठ जीबीच्या चार पट्ट्या, डीडीआर४ २१३३. दुसऱ्यात सोळाची एकच पट्टी, डीडीआर४ ३२००. ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, डीडीआर३. हार्ड डिस्क ७२०० फेऱ्यांची. दुसऱ्याचा मदरबोर्ड एच६१०. एवढ्यावर बरंच बोलता येतं.

आधी प्रोसेसर, कारण तुमचे दोन गुण तिथेच गेलेत. आय३, आय५, आय७ ही इयत्ता नव्हे, त्या-त्या वर्षाच्या वर्गातला नंबर आहे. इयत्ता असते पुढच्या आकड्यात. ६७०० मधला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, वर्ष २०१५. १२४०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी पिढी, वर्ष २०२२. सहावीत पहिला आलेला मुलगा आणि बारावीत मधल्या बाकावरचा मुलगा यांना एकाच गणिताच्या पेपरला बसवलं तर कोण पुढे जाईल, हे तुम्हाला मी काय सांगावं! (इंटेलनं २०२३ मध्ये नव्या प्रोसेसरच्या नावातून हा ‘आय’ काढूनच टाकला. त्यामुळे गोंधळ कमी झाला असं मात्र मला वाटत नाही.)

तसं पाहिलं तर पहिल्याचे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे हात) चार आणि थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) आठ, दुसऱ्याचे कोअर सहा आणि थ्रेड बारा. जवळची झटपट स्मृती, म्हणजे कॅश, पहिल्याकडे ८ एमबी आणि दुसऱ्याकडे १८ एमबी. या दोन्ही ओळी तुमच्या वहीत नव्हत्या, कारण पाटीवर नव्हत्या. असत्या, तर ‘मोठा आकडा, एक गुण’ या तुमच्याच नियमानं आय५ला दोन गुण मिळाले असते.

आता गिगाहर्ट्झ. हा आकडा म्हणजे प्रोसेसरचे ठोके : ३.४ म्हणजे सेकंदाला ३४० कोटी. एका ठोक्यात काम किती उरकतं, हे त्यात कुठेच नाही. खडू फळ्याला मिनिटात किती वेळा टेकला यावरून धडा किती झाला ते ठरत नाही, तसंच हे. हा घोळ जुनाच आहे. २००४ साली पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला होता. दोन वर्षांनी त्याच इंटेलनं कोअर २ डुओ आणला. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर त्या ३.८ वाल्याला सहज मागे टाकत होता, आणि तेही कमी वीज खाऊन, कमी तापून. ठोके कमी, पण प्रत्येक ठोक्यात काम जास्त. तेव्हापासून ठोक्यांची तुलना फक्त एकाच पिढीतल्या, एकाच घराण्यातल्या प्रोसेसरांत करायची, हा या धंद्यातला साधा शिरस्ता आहे. पाट्या लिहिणाऱ्यांपर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही.

त्यातही तुमच्या रकान्यात आणखी एक गंमत आहे. ३.४ आणि २.५ हे दोन्ही आकडे निवांत चालीचे आहेत. काम अंगावर आलं की प्रोसेसर वेग वाढवतो, त्याला टर्बो म्हणतात. आय७-६७०० जास्तीत जास्त ४.० पर्यंत जातो, आय५-१२४०० जातो ४.४ पर्यंत. म्हणजे वहीत जो ०.९ नं मागे दिसतो, तो धावायला लागल्यावर ०.४ नं पुढे असतो. वर एका ठोक्यातलं काम जास्त, ते वेगळंच. व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्यासारखं काम सगळ्या कोअरांत वाटून होतं. अशा कामात दुसरा प्रोसेसर पहिल्याच्या दुपटीहून पुढे असतो.

सगळीच कामं अशी वाटली जात नाहीत, हेही सांगायला हवं. जीन ॲमडाल या अभियंत्यानं १९६७ मध्ये मांडलेला हिशेब आजही तसाच लागू आहे. कामाचा निम्मा भाग वाटता येत नसेल, तर तुम्ही कोअर कितीही लावा, एकूण काम दुपटीपेक्षा वेगानं होणार नाही. ब्राउझरमधलं पान उघडणं, कागदपत्रं चाळणं, सॉफ्टवेअरमधला एखादा मेनू खुलणं ही बरीचशी एका कोअरच्या जिवावर चालणारी कामं. तिथे कोअरांची संख्या नाही, एकट्या कोअरचा दम बघायचा. तुमच्या बाबतीत तोही दुसऱ्याकडेच जास्त आहे, म्हणून हा वाद इथेच मिटतो. उद्या कुणी सहा कोअर विरुद्ध सोळा कोअर असा पेच घेऊन आलं, तर मात्र मी आधी ‘काम काय करता?’ हेच विचारीन.

दुसरा प्रोसेसर घेताना एक अक्षर नीट बघा. १२४०० च्या मागे ‘एफ’ असेल, तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतंच. मग ‘ऑनबोर्ड’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर अक्षरही उमटणार नाही. तुमच्या फोटोत त्या जागी चकाकी आली आहे, मला वाचता येत नाही. विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.

आता डिस्क. माझ्या मते या सगळ्या तुलनेत तुम्हाला रोज, तासातासाला जाणवेल असा फरक इथे आहे, आणि नेमका इथेच तुम्ही उलटा गुण दिलाय. हार्ड डिस्कमध्ये खरोखरच तबकडी फिरत असते. मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०, म्हणजे एक फेरी साधारण ८ मिलिसेकंदांची. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, त्याआधी सुईला योग्य वर्तुळावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद. असं करत करत विखुरलेल्या ठिकाणच्या फायली ती सेकंदाला शंभरेक वेळाच गाठू शकते. संगणक सुरू होताना, सॉफ्टवेअर उघडताना, हजारो बारीकसारीक फायली इथून तिथून वाचल्या जातात. पडद्यावर ते चक्र गरगरत राहतं ना, तेव्हा प्रोसेसर बहुतेक वेळा हातावर हात ठेवून सुईची वाट बघत असतो. आय७ असो की आणखी कुणी, वाट बघण्याचा वेग सगळ्यांचा सारखाच!

एसएसडीत फिरणारं काही नाही. साधीशी एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जोडणीची, एसएसडीसुद्धा अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला हजारोंनी करते. सलग मोठी फाइल वाचायची, तर हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवरची (बोर्डावरच्या वेगवान रस्त्यावरची) एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत. ‘५१२ जीबी एसएसडी’ एवढ्या तीन शब्दांत यातली कोणती, ते कळत नाही. इथेही ‘कसलं’ विचारायचंच. एम.२ हे तर नुसतं आकाराचं नाव आहे; च्युइंगगमच्या पट्टीसारखी ती लांबट पट्टी साटाही असते आणि एनव्हीएमईही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा घाईनं एम.२ पट्टी आणली, खाचेत चपखल बसली, स्क्रूही लागला, संगणकाला मात्र ती काही केल्या दिसेना. पट्टी साटा होती आणि ती खाच फक्त एनव्हीएमई ओळखणारी. अर्धा दिवस बायॉसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) डोकं खुपसून बसलो. शेवटी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि गप्प परत करून आलो.

एच६१० बोर्डावरची एम.२ खाच तिसऱ्या पिढीच्या वेगापर्यंतच जाते. म्हणून कुणी तुम्हाला ‘सात हजार एमबी वेगाची’ एसएसडी जास्तीचे पैसे घेऊन देऊ करत असेल, तर नको म्हणा. ती चालेल, पण तो वेग तुम्हाला मिळणार नाही. आणि खरं सांगायचं तर एनव्हीएमई आणि साटा यांतला फरक तुम्हाला मोठ्या फायली हलवतानाच कळेल. हार्ड डिस्क आणि कोणतीही एसएसडी यांतला फरक मात्र पहिल्या सकाळीच कळेल.

मग २ टीबीचं काही मोल नाही का? आहे, साठवणीला आहे. फोननं किंवा कॅमेऱ्यानं सेकंदाला ५० मेगाबिट दरानं चित्रण केलं असं धरा. म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, तासाला साडेबावीस जीबी. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसेल (कारखाना हजारानं मोजतो, विंडोज १०२४ नं, त्याच न्यायानं २ टीबी ही १.८१ दिसते, त्यात फसवणूक काही नाही). विंडोज, सॉफ्टवेअर आणि थोडी मोकळी जागा सोडली, तर पंधरा-सोळा तासांचं चित्रण मावेल. तुमच्या कामाला हे वर्षभरात अपुरं पडेल. त्यावर उपाय सोपा : चालू काम एसएसडीवर, संपलेले धडे वेगळ्या हार्ड डिस्कवर. ती पुढे कधीही लावता येते. बोर्डावर साटा जोडण्या असतात, किंवा बाहेरून यूएसबीनं जोडा. तिथे हार्ड डिस्क अगदी शोभते. गोदामाला गोदामाचं काम द्यावं.

पहिल्या यंत्रातली डिस्क तर वापरलेली आहे. वर्षात ८७६० तास असतात. कार्यालयातली यंत्रं कित्येकदा रात्रीही बंद होत नाहीत, तेव्हा पाच वर्षांत चाळीस हजारांहून जास्त तास ती तबकडी फिरलेली असू शकते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं की किती तास चालली आणि किती खराब सेक्टर बदलून घेतले गेले, दोन्ही आकडे समोर येतात. ज्याला काही लपवायचं नाही, तो विक्रेता ते दाखवायला मिनिटभरही लावणार नाही.

रॅमच्या बाबतीत मात्र पहिल्याची बाजू मांडायला हवी. ३२ हे १६ पेक्षा जास्त आहेतच, शिवाय ते चार पट्ट्यांत, प्रोसेसरशी दोन वाटांनी (चॅनेलांनी) जोडलेले आहेत. डीडीआर४ २१३३ ची एक वाट सेकंदाला १७ जीबी वाहते, दोन वाटा मिळून ३४. दुसऱ्यातली ३२०० ची पट्टी एकटीच आहे, म्हणून एकच वाट : २५.६ जीबी. म्हणजे पट्टीचा वेग जास्त असूनही एकूण वाहतूक जुन्याचीच जास्त! एकच पट्टी लावून यंत्र विकणं हा मला कधीच न आवडलेला प्रकार आहे. ज्या यंत्रात ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं, तिथे तर तो फारच बोचतो. सुदैवानं यावर इलाज आहे. तशीच दुसरी १६ ची पट्टी लावा. वाटा दोन होतात, वाहतूक ५१.२ वर जाते आणि तुमचे ३२ ही पुरे होतात. एच६१० बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात. तेव्हा ‘आठ-आठच्या दोन लावून देतो’ असं कुणी म्हणालं, तर पुढे वाढवायला जागा उरणार नाही हे लक्षात ठेवा. पट्टी डीडीआर४ चीच हवी. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी कापलेली असते, ती त्यात बसणारच नाही.

आणि तुम्हाला खरंच ३२ लागतात का? हे मला विचारू नका, तुमच्या जुन्या संगणकाला विचारा. व्हिडिओ कापताना, बाजूला ब्राउझर उघडा ठेवून, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. वापर कितीवर टेकतो? फुल एचडी व्हिडिओला १६ बहुतेक पुरतात, फोर के हाती आलं की अपुरे वाटू लागतात. रिकामी पडलेली रॅम काम वेगानं करत नाही. रॅम पुरली नाही, तर मात्र विंडोज डिस्कवर धावतं, आणि ती डिस्क फिरणारी असेल तर देवच वाली.

एक बारीकशी गोष्ट : मुलानं सीपीयू-झेड हे यंत्राची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘आई, ३२०० म्हणाले होते, इथे १६०० दिसतंय’ असं सांगितलं, तर भांडायला जाऊ नका. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा माहिती देते. १६०० ठोके, ३२०० देवाणघेवाणी, दोन्ही एकच.

ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड. त्या एका नावाखाली एनव्हिडियानं तीन निरनिराळी कार्डं काढली होती. गाभ्याची चिपसुद्धा सगळ्यांत एक नव्हती. तुमच्या फोटोतलं कार्ड ६४ बिटवालं, डीडीआर३ स्मृतीचं, म्हणजे त्यातलं मंद. त्याचे चार जीबी म्हणजे मोठी टाकी आणि बारीक तोटी. सेकंदाला १४.४ जीबी एवढीच तिची धार. दुसऱ्या यंत्राच्या आतल्या ग्राफिक्सला, आजच्या त्या एकट्या पट्टीवरही, २५.६ ची वाट आहे. ती प्रोसेसरबरोबर वाटून घ्यायची असली तरी. त्या आतल्या ग्राफिक्सचं नाव यूएचडी ७३०. दोघांच्या नावात ७३० यावेत हा निव्वळ योगायोग. कंपन्या वेगळ्या, नातं काही नाही. विक्रेता त्याचा फायदा घेऊन ‘दोन्ही ७३०च, पण हे चार जीबीचं’ असं म्हणाला तर हसून सोडून द्या.

तुमच्या कामाला यातला खरा मुद्दा निराळाच आहे. आजकालचे फोन व्हिडिओ एचईव्हीसी पद्धतीनं आवळून ठेवतात. ते उलगडायला चिपमध्ये खास सोय लागते, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि टाइमलाइन अडखळत पुढे सरकते. जीटी ७३० मध्ये ती सोय नाही. आय७-६७०० च्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे, पण साध्या ८ बिट रंगखोलीच्या व्हिडिओपुरतीच पुरी. शिवाय बऱ्याच यंत्रांत वेगळं कार्ड लावलं की आतलं ग्राफिक्स झोपी जातं, ते बायॉसमध्ये जाऊन उठवावं लागतं. आय५-१२४०० मधली क्विक सिंक ही सोय १० बिटचा एचईव्हीसी सहज उलगडते आणि एक्स्पोर्टलाही हात देते. फक्त सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ती चालू आहे ना, ते बघा. त्यातून हे कार्ड ज्यातलं, त्या जुन्या केप्लर घराण्याला एनव्हिडियानं २०२१ मध्येच नव्या ड्रायव्हरांच्या रांगेतून बाहेर काढलंय. थोडक्यात, त्या कार्डाचा गुण मी काढून घेतोय. मुलाला मोठे खेळ खेळायचे असतील, तर दोन्ही यंत्रं कुचकामी. मग वेगळ्या कार्डाचा विचार करावा लागेल आणि त्याबरोबर पॉवर सप्लायचाही.

पॉवर सप्लायबद्दल फार लिहीत नाही. आज दोन्ही यंत्रांना आहे तो पुरेल. एवढंच लक्षात ठेवा की कार्यालयांसाठी बनलेल्या काही यंत्रांत पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. बिघडला तर कुठलाही आणून बसवता येत नाही. जुळवलेल्या यंत्रात ही अडचण सहसा येत नाही.

आता मुलाच्या त्या ‘जुना आहे’ कडे येऊ. त्याच्या मनात कदाचित हेच असेल आणि त्याला ते मांडता आलं नसेल. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं जी प्रोसेसरांची यादी ठेवलीय, तिच्यात इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर आहेत. सातवीतले काही मोजके अपवाद, सहावी नाहीच. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विक्रेता ‘विंडोज ११ घालून देतो’ म्हणेल. नियमाला वळसा घालून ते घालता येतं, खोटं नाही. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तुमच्या संगणकावर विद्यार्थ्यांची नावं, पालकांचे फोन नंबर, फीचा हिशेब असणार. तिथे हा धोका मी पत्करणार नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल, तर गोष्ट वेगळी. त्यावर ६७०० अजूनही झकास चालतो.

पुढे वाढवायचं झालं, तर पहिल्याची वाट लवकर संपते. त्याच्या सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, नाव एलजीए ११५१. आठव्या पिढीच्या सॉकेटचं नावही एलजीए ११५१च, पण आठवीचा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालत नाही! सातवीपुढे रस्ता बंद. दुसऱ्याचं सॉकेट एलजीए १७००. बायॉस अद्ययावत केला की त्यावर तेरावी आणि चौदावी पिढीही बसते.

मुलगा बहुधा बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, आकडे आणून दाखवेल. दाखवू दे, चांगली सवय आहे. फक्त त्यालाही ‘कितीपैकी?’ हे विचारा. गीकबेंच ५ मध्ये आय३-८१०० चे १००० गुण धरून मोजणी केलीय, गीकबेंच ६ मध्ये आय७-१२७०० चे २५०० धरून. एकातला आकडा दुसऱ्यातल्या आकड्याशेजारी ठेवणं म्हणजे पुन्हा तुमची वहीच झाली.

तर मी दुसरा घेईन. ‘एफ’ नसलेला, दुसऱ्या पट्टीसह. पहिला कधी घेईन? विंडोजची अट नसेल, विक्रेता त्यात एसएसडी घालून देत असेल, आणि मुलाला खोलून, जोडून, बिघडवून शिकायला एक यंत्र हवं असेल तेव्हा. शिकायला ते फार चांगलं आहे. तुमचे धडे त्यावर सोपवू नका, एवढंच.

माझ्या शब्दावरही ठरवू नका. पेन ड्राइव्हमध्ये तुमच्या फोनवर चित्रित केलेला एक कच्चा धडा घ्या. दोन्ही यंत्रं बघायला जाल तेव्हा ती पूर्ण बंद करून सुरू करायला सांगा आणि ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा. मग धडा पेन ड्राइव्हवरून यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवा, तुम्ही वापरता त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यातली तीच पाच मिनिटं, त्याच सेटिंगवर, दोन्हीकडे एक्स्पोर्ट करा. दहा-पंधरा मिनिटं यंत्र कामात ठेवून लगेच पुन्हा एकदा करा. दुसऱ्या खेपेला वेळ बराच वाढला, तर यंत्र तापून दमतंय, म्हणजे प्रोसेसरवरचा पंखा तोकडा आहे. तो बदलून मागा. वहीत नवे रकाने आखाल, तेव्हा त्यांत जीबी नको, मिनिटं आणि सेकंद लिहा. तिथे लहान आकड्याला गुण द्यायचा.